न्यू इंग्लंडमधल्या जुन्या वसाहतकार घराण्याची जमीन, मृत्युपत्रं आणि वारस: पहिल्यांदा शोध घेणाऱ्यांसाठी

आमची सून मॅसॅच्युसेट्सची. तिच्या वडिलांकडे एका पत्र्याच्या पेटीत जुन्या कागदांच्या छायाप्रती होत्या. त्यांच्या घराण्यातला पहिला माणूस सतराव्या शतकात इंग्लंडहून बोटीने आला, त्याला गावाने जमीन दिली आणि ती पुढे सात-आठ पिढ्या घरात राहिली, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. कोणत्या मुलाला काय मिळालं, मुलींचं काय झालं, विधवा कुठे राहिली, हे कोणालाच सांगता येईना. मी साताऱ्याकडे एकतीस वर्षं तलाठी होते. खरेदीखत, वारस नोंद, फेरफार, चतुःसीमा यांतच आयुष्य गेलेलं. नातवंडांचं अर्धं घराणं त्या पेटीत आहे म्हटल्यावर मी ती उघडली, आणि तीन उन्हाळे त्या कामात गेले.

बॉस्टनच्या आसपास आता कितीतरी मराठी घरांत इथले सून-जावई आहेत. कितीतरी जणांनी अडीचशे वर्षं जुनी घरं विकत घेतली आहेत आणि त्यांना आपल्या घराचा इतिहास हवा आहे. त्यांच्यासाठी हे लिहिते. मॅसॅच्युसेट्सपुरतं आणि साधारण १८०० सालापर्यंतचंच लिहिते आहे. दुसऱ्या वसाहतींचे कायदे वेगळे होते. व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जायची, आणि तो नियम रद्द करणारा कायदा १७८५ मध्ये झाला. तिकडचं गणित इकडे लावू नका.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण माझा पहिला उन्हाळा ती न कळल्यामुळे वाया गेला. मृत्युपत्र एकटं वाचायचं नाही. ते जमिनीच्या दस्तांशेजारी ठेवूनच वाचायचं. का, ते पाचव्या पायरीत सांगते.

हाताशी काय ठेवायचं

- घराण्याचा जसा माहीत आहे तसा वंशवृक्ष. चुकीचा असला तरी चालेल, पण पेन्सिलीने लिहिलेला.
- आजच्या घराचं किंवा घराण्याकडच्या शेवटच्या जमिनीचं खरेदीखत. त्यावरचा पुस्तक क्रमांक आणि पान क्रमांक सोन्यासारखा जपा.
- फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं. ते फुकट मिळतं.
- जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड. अमेरिकन अँसेस्टर्स ही वंशावळींचं काम करणारी बॉस्टनची संस्था १८४५ मध्ये स्थापन झाली. तिच्या बऱ्याच सूचींना वर्गणी लागते, पण वाचनालयातून त्या बघता येतात का ते आधी विचारा.
- मोठ्या कागदाची वही, दोन रंगांची पेनं आणि भिंग.

१. आजपासून मागे चला

सगळे पहिली चूक इथेच करतात. बोटीतून उतरलेल्या पहिल्या माणसाचं नाव घेऊन पुढे यायला लागतात. जॉन, जोनाथन, सॅम्युअल ही नावं प्रत्येक घरात चार-चार वेळा येतात, आणि तीन गावांत तीन जॉन सापडले की दुसऱ्याच्या घराण्यात शिरायला वेळ लागत नाही. ज्याचा जन्म, लग्न, मृत्यू पक्का आहे असा माणूस धरा आणि त्याचे आईबाप शोधा. एकेक पायरी उतरत मागे जा.

यासाठी गावांच्या छापील नोंदवह्या फार उपयोगी पडतात. मॅसॅच्युसेट्सच्या पुष्कळ गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म, विवाह, मृत्यूच्या नोंदी पुस्तकरूपात छापलेल्या आहेत आणि त्या वाचनालयांत मिळतात.

घराचा शोध असेल तर आणखी एक सोपी जागा आहे. राज्याच्या ऐतिहासिक आयोगाची मॅक्रिस नावाची ऑनलाइन सूची आहे. तिच्यात आपल्या घराचा पत्ता घालून बघा. एखाद्या अभ्यासकाने घराचा फॉर्म आधीच भरून ठेवलेला असेल, तर जुन्या मालकांची नावं आयती मिळतात. मात्र पडताळल्याशिवाय धरू नका. सुनेच्या आजोळच्या घराच्या अशाच फॉर्मवर बांधणीचं साल होतं, ते दस्तांशी जुळलं नाही.

२. ते गाव तेव्हा कोणत्या काउंटीत होतं?

आपल्याकडे जिल्हे फुटले तसे इथेही फुटले, आणि जुने कागद जुन्या जिल्ह्यातच राहिले. सफोक, एसेक्स, मिडलसेक्स आणि जुनी नॉरफोक या काउंट्या १६४३ च्या. वूस्टर काउंटी झाली १७३१ मध्ये. आजची नॉरफोक काउंटी १७९३ ची आहे. १६४३ ची जुनी नॉरफोक निराळी, ती मेरिमॅक नदीकडची. नाव एक असल्यामुळे लोक हमखास फसतात.

डेडहॅमचं फेअरबँक्स घर हे याचं चांगलं उदाहरण आहे. उत्तर अमेरिकेतलं सर्वांत जुनं लाकडी सांगाड्याचं घर म्हणून ते ओळखलं जातं, साधारण १६४१ चं. जोनाथन फेअरबँक्स १६६८ मध्ये वारला आणि घर थोरल्या मुलाकडे, जॉनकडे गेलं. डेडहॅम आज नॉरफोक काउंटीत आहे. पण जोनाथनचं मृत्युपत्र नॉरफोकमध्ये शोधाल तर सापडणार नाही, कारण त्या वेळी ते गाव सफोकमध्ये होतं.

मी स्वतः एका कार्यालयाकडे प्रमाणित नकलेचे पैसे भरले आणि सहा आठवडे थांबले. मग 'नोंद आढळत नाही' असं उत्तर आलं. नोंद होती, शेजारच्या काउंटीत. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर गावाचं नाव, त्याच्या पुढे प्रत्येक काळातली काउंटी, असं लिहून ठेवा.

आणखी दोन गोष्टी. प्लिमथ ही १६९२ पर्यंत वेगळी वसाहत होती, तिची दप्तरं वेगळी. आणि बार्नस्टेबल काउंटीचे जमिनीचे जुने दस्त १८२७ च्या आगीत बहुतेक सगळे गेले. तिथलं घराणं असेल तर प्रोबेटच्या (म्हणजे मृत्युपत्र आणि वारसाच्या कोर्टकामाच्या) आणि गावाच्या कागदांवरच भर द्यावा लागतो.

३. जमिनीचे दस्त: देणार आणि घेणार

इथे सातबारा नाही. जमिनीच्या तुकड्याला गट नंबर देऊन त्याखाली मालक लिहीत गेले, असं काही इथल्या जुन्या दप्तरात शोधू नका. इथे माणसाच्या नावाने शोधायचं. रजिस्ट्री ऑफ डीड्स म्हणजे आपलं दुय्यम निबंधक कार्यालय. तिथे दोन सूची असतात: ग्रँटर म्हणजे लिहून देणार, ग्रँटी म्हणजे लिहून घेणार. दस्त नोंदवण्याचा नियम वसाहतीने १६४० मध्येच केला होता, म्हणून इथलं दप्तर इतकं जुनं आणि इतकं भरगच्च आहे.

पद्धत अशी. माहीत असलेल्या मालकाचं नाव घेणारांच्या सूचीत शोधा. जमीन त्याला कोणी दिली ते कळेल. आता त्या देणाराचं नाव पुन्हा घेणारांच्या सूचीत शोधा. एक दिवस असा येईल की देणार सापडतो, पण त्याच्याकडे जमीन कशी आली याचा दस्तच नाही. घाबरू नका. बहुतेक वेळा ती त्याला वारसाने आलेली असते, आणि आता प्रोबेटकडे वळायचं असतं. किंवा ती गावाच्या पहिल्या वाटपातली असते. सुरुवातीला गावातली पडीक जमीन 'प्रोप्रायटर' म्हणजे मूळ हिस्सेदार आपसांत वाटून घ्यायचे. तो हिशोब रजिस्ट्रीत नसतो, गावाच्या किंवा हिस्सेदारांच्या वहीत असतो. टाउन क्लार्कला, म्हणजे गावाचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारा.

रजिस्ट्रीची बरीच पुस्तकं आता मासलँडरेकॉर्ड्स या संकेतस्थळावर आहेत. फॅमिलीसर्चवर १६२० ते १९८६ असा मॅसॅच्युसेट्सच्या जमिनीच्या दस्तांचा मोठा संग्रह आहे, आणि आता तिथे हस्तलिखितातल्या शब्दांवरूनही शोध घेता येतो. मला त्याचा खूप फायदा झाला. शेजाऱ्याच्या दस्तात चतुःसीमा म्हणून आलेलं आपलं नावसुद्धा त्यामुळे सापडतं.

सापळा एकच, पण मोठा. दस्ताची तारीख आणि नोंदणीची तारीख यांत वीस, तीस, कधी पन्नास वर्षांचं अंतर असतं. बापाने मुलाला लिहून दिलं, कागद पेटीत राहिला, आणि मुलाला जमीन विकायची वेळ आली तेव्हा कोणीतरी नोंदवायला नेला. म्हणून माणूस वारल्यानंतरच्या पन्नास वर्षांच्या सूचीतही त्याचं नाव बघा. दोन्ही तारखा वहीत वेगळ्या रकान्यांत लिहा.

४. चतुःसीमा वाचायला शिका

हा भाग मला सर्वांत घरचा वाटला. दस्तात लिहिलेलं असतं: दगडांच्या ढिगापासून सुरुवात, तिथून ईशान्येला चाळीस रॉड खूण केलेल्या काळ्या ओकच्या झाडापर्यंत, तिथून ओढ्याच्या काठाने अमक्याच्या कुंपणापर्यंत, आणि परत पहिल्या ढिगाशी. आपल्या जुन्या खरेदीखतात पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा बांध, असं लिहितात तसंच.

मापं अशी. रॉड, पोल आणि पर्च ही एकाच मापाची तीन नावं आहेत, साडेसोळा फूट. चार रॉडची एक चेन, म्हणजे ६६ फूट. १६० चौरस रॉडचा एक एकर. आणि 'रूड' हा शब्द दिसला तर तो रॉड नाही, तो पाव एकर आहे. रॉड आणि रूड यांची गल्लत फार होते.

आता आपली गुंठ्याची साखळी आठवा. ती ३३ फुटांची, म्हणजे बरोबर दोन रॉड. ३३ गुणिले ३३ केलं की १०८९ चौरस फूट, एक गुंठा, म्हणजे नेमके चार चौरस रॉड. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि १६० चौरस रॉडचा एकर एकच आहे, कारण दोन्हीकडची मापं इंग्रजांच्या एकाच हिशोबातून आली. त्यामुळे 'सात एकर आणि चोवीस रॉड' असं वाचलं की मी वहीत लगेच ७ एकर ६ गुंठे लिहीत असे, आणि जमीन डोळ्यांपुढे उभी राहायची. आपल्यापैकी ज्यांना गुंठा कळतो, त्यांनी हा फायदा सोडू नये.

ग्राफ पेपरवर एक चौकोन म्हणजे दोन रॉड धरून सीमा काढा. आकृती बंद झाली नाही, म्हणजे शेवटचं टोक पहिल्या टोकाला मिळालं नाही, तर तुम्ही दिशा चुकीची वाचली आहे किंवा त्या काळच्या कारकुनाने एक ओळ गाळली आहे. मला दोन्ही प्रकार भेटले.

५. प्रोबेटची फाईल: खरी वारस नोंद इथे

१६९२ च्या आधी वारसाचं काम काउंटी कोर्ट बघायचं. १६९१ ची नवी सनद १६९२ मध्ये लागू झाल्यावर प्रत्येक काउंटीत प्रोबेटचा न्यायाधीश नेमला गेला. कागद दोन प्रकारचे असतात: नोंदवहीत उतरवलेली नक्कल आणि मूळ कागदांची फाईल. दोन्ही बघा. नोंदवहीत सगळं उतरवलेलं नसतं. एसेक्स, मिडलसेक्स, सफोक, वूस्टर यांच्या जुन्या फायली अमेरिकन अँसेस्टर्सवर ऑनलाइन आहेत. मूळ कागद बघायचे असतील तर बॉस्टनला कोलंबिया पॉइंटला मॅसॅच्युसेट्स अर्काइव्ह्ज आहे. जाण्याआधी फोन करून कोणती फाईल हवी ते सांगा.

पूर्ण फाईलमध्ये साधारण एवढं मिळतं: मृत्युपत्र असेल तर ते, कारभाऱ्याचा जामीनपत्राचा कागद, मालमत्तेची मोजदाद (बहुधा तीन पंच करत), कर्जाचा हिशोब, अज्ञान मुलांच्या पालकाची नेमणूक, वाटपपत्र, आणि वारसांच्या पावत्या.

मृत्युपत्र नसलं तर वाईट वाटून घेऊ नका. बिनमृत्युपत्राची फाईल कित्येकदा जास्त बोलते, कारण तेव्हा कायद्याने सगळ्या मुलांची नावं पुढे येतात. कायदा असा होता: विधवेला जंगम मालमत्तेचा तिसरा हिस्सा कायमचा आणि जमिनीचा तिसरा हिस्सा हयातीपुरता. उरलेलं मुलांमुलींत सारखं, फक्त थोरल्या मुलाला दुप्पट. तीन मुलगे आणि दोन मुली असतील तर सहा भाग करायचे, थोरल्याला दोन, बाकीच्यांना एकेक. थोरल्याचा दुहेरी हिस्सा बायबलच्या नियमावरून आलेला होता आणि तो १७८९ च्या कायद्याने बंद झाला. मुलींना सतराव्या शतकात जमिनीत हिस्सा मिळत होता, हे वाचून मी थोडा वेळ वही बंद करून बसले होते. किती मुलींची हक्कसोडपत्रं मी स्वतः नोंदवली आहेत!

जमीन फार लहान असेल आणि वाटून बिघडणार असेल तर कोर्ट ती थोरल्याच्या किंवा दुसऱ्या एका मुलाच्या नावे करत असे, आणि त्याने भावाबहिणींना रोख द्यायचे. म्हणजे एकाच मुलाच्या नावावर जमीन दिसली म्हणून बाकीच्यांना डावललं असं म्हणू नका. पावत्या शोधा. मुलींची लग्नानंतरची नावंही तिथेच सापडतात, कारण बायकोच्या हिश्श्याची पावती नवरा सही करून द्यायचा. सुनेच्या घराण्यातल्या दोन बहिणी शंभर वर्षं 'नाहीशा' होत्या, त्या मला दोन जावयांच्या सह्यांवरून सापडल्या.

विधवेच्या तिसऱ्या हिश्श्याचं वाटपपत्र मिळालं तर त्यावर एक पूर्ण दिवस द्या. आम्हाला जे मिळालं त्यात लिहिलं होतं: घराची पश्चिमेकडची खोली, तिच्या वरचा माळा, तळघराचा तिसरा भाग, भट्टीत पाव भाजायला जाण्याचा हक्क, विहिरीचा हक्क, आणि खळ्यातून गुरं नेण्याएवढी वाट. एका घरात सासू आणि सून यांच्यामध्ये खडूने रेघ ओढल्यासारखं. त्या कागदावरून सुनेच्या वडिलांनी आणि मी त्या घराच्या तळमजल्याचा नकाशा काढला. भट्टी कुठे होती ते आधी कोणाला माहीत नव्हतं. पश्चिमेच्या खोलीतून तिथे जायचं तर मधल्या दारातूनच जावं लागलं असणार, आणि भिंतीच्या लाकडात बुजवलेल्या दाराची चौकट खरोखरच होती.

विधवा वारल्यावर तो तिसरा हिस्सा पुन्हा मुलांत वाटला जायचा. म्हणजे बापाच्या फाईलला वीस वर्षांनी दुसरा कागद जोडलेला असतो. आणि विधवेने दुसरं लग्न केलं असेल तर ती नव्या आडनावाने सापडते. मृत्युपत्रात 'माझी विधवा म्हणून राहील तोवर' अशी अट घातलेली पुष्कळदा दिसेल.

आता ती सुरुवातीची गोष्ट. आमच्या पेटीतल्या एका मृत्युपत्रात दुसऱ्या मुलाला फक्त पाच शिलिंग लिहिले होते. मी सगळ्यांना सांगून मोकळी झाले की बापाने मुलाला तोडलं होतं. सुनेचे वडील त्याच मुलाच्या वंशातले. त्यांच्या चेहऱ्यावरचं मला अजून आठवतं. पुढच्या उन्हाळ्यात रजिस्ट्रीत बापानेच नऊ वर्षं आधी केलेलं बक्षीसपत्र सापडलं: 'प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी' चाळीस एकर, घर बांधण्याच्या जागेसकट. त्याचा हिस्सा आधीच दिलेला होता. पाच शिलिंग एवढ्यासाठी, की विसरला असं नंतर कोणी म्हणू नये. मी त्यांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, तो दस्त मला पाठवा.

६. शब्द फसवतात

जुन्या इंग्रजीत नात्यांचे शब्द आजच्या अर्थाने वापरलेले नसतात.

'कझिन' म्हणजे पुतण्या किंवा भाचासुद्धा. 'मदर-इन-लॉ' म्हणजे कधीकधी सावत्र आई. 'ब्रदर' हा मेहुणा असू शकतो किंवा चर्चमधला सोबती. 'सीनियर' आणि 'जुनियर' हे बापलेक असतीलच असं नाही. गावात एका नावाची दोन माणसं असली की मोठ्याला सीनियर म्हणायचे, आणि तो वारला की धाकटा जुनियर आपोआप सीनियर व्हायचा. 'रिलिक्ट' म्हणजे विधवा. 'माझी नाऊ वाइफ' असं लिहिलं म्हणून आधी दुसरी बायको होती असा अर्थ होत नाही, लिहिताना जी पत्नी आहे ती, एवढाच अर्थ.

अक्षर वाचायला मोडी शिकताना जी युक्ती करतात तीच करा. मृत्युपत्राची पहिली ओळ ठरलेली असते: देवाच्या नावाने, आमेन. ती ओळ माहीत आहे म्हणून त्या कारकुनाचं प्रत्येक अक्षर कसं वळतं ते तिथून उतरवून घ्या, आणि तो तक्ता शेजारी ठेवून पुढचं वाचा. 'ये' असा दिसणारा शब्द 'द' आहे. शब्दाच्या सुरुवातीला जोडून काढलेले दोन एफ म्हणजे एक मोठा एफ. लांब एस एफसारखा दिसतो.

७. तारखा आणि पैसे

१७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, आपला पाडवा साधारण येतो त्याच दिवसांत. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या तारखा १७२३/४ अशा दुहेरी दिसतात. जशी आहे तशी उतरवा, स्वतःच्या मनाने दुरुस्त करू नका. महिने आकड्यांत लिहिलेले असतील तर पहिला महिना मार्च आणि बारावा फेब्रुवारी. याचा विसर पडला की माणूस मृत्युपत्र करण्याआधीच वारलेला दिसतो.

पैसे पौंड, शिलिंग, पेन्समध्ये: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. पण १७४० च्या दशकातली मोजदाद वाचून घराणं एकदम श्रीमंत झालं असं समजू नका. तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे कागदी पैसे फार घसरले होते. त्यांना ओल्ड टेनर म्हणतात. १७५० मध्ये ते मोडीत काढले तेव्हा ओल्ड टेनरचे साडेसात पौंड म्हणजे नवा एक पौंड असा भाव धरला गेला. बापाची ३००० पौंडांची मोजदाद आणि मुलाची ४०० पौंडांची मोजदाद जवळजवळ सारखीच असू शकते.

८. ज्यांची नावं वंशवृक्षात नाहीत

ही पायरी टाळू नका, असं मी कळकळीने सांगते.

मोजदादीत गुरं, नांगर, कथलाच्या मिश्रधातूची ताटं यांच्या ओळींत कधी माणूस लिहिलेला असतो, नुसत्या पहिल्या नावाने आणि पौंडांतल्या किमतीसह. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरीला १६४१ च्या कायद्यात जागा होती आणि १७८० च्या दशकातल्या कोर्टाच्या निकालांनी ती मोडली. १७९० च्या जनगणनेत राज्यात एकही गुलाम नोंदलेला नाही. आम्हाला १७५० च्या आसपासच्या कागदात एक बाई सापडली. विधवेच्या हिश्श्यात ती विधवेकडे गेली. सुनेने तिचं नाव वंशवृक्षाच्याच कागदावर, त्याच शाईने लिहिलं आहे. असं नाव सापडलं तर पुस्तक, पान, साल सगळं नीट उतरवून ठेवा. अमेरिकन अँसेस्टर्सने २०२३ मध्ये सुरू केलेला १० मिलियन नेम्स हा प्रकल्प गुलाम केल्या गेलेल्या लोकांची नावं गोळा करतो. कोणाचे तरी वंशज ती ओळ शोधत असतील.

आणि पहिल्या दस्ताच्याही मागे एक दस्त असतो. एसेक्स काउंटीतल्या इप्सविचची जमीन मस्कोनोमेट या सागामोरने, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या मुखियाने, १६३८ मध्ये धाकट्या जॉन विन्थ्रॉपला, म्हणजे वसाहतीच्या गव्हर्नरच्या मुलाला, २० पौंडांना लिहून दिली. जमीन विकून कायमची सोडणं ही कल्पना त्या लोकांच्या व्यवहारात नव्हती. शिकार, मासेमारी, पेरणी यांच्या हक्कांत दुसऱ्याला सामावून घेणं होतं. सेलमचा दस्त तर गाव वसल्यावर साठ वर्षांनी झाला, ११ ऑक्टोबर १६८६ ला, तोही २० पौंडांचाच, आणि सह्या सागामोर जॉर्जच्या वारसांच्या. इतक्या उशिरा का? कारण १६८४ मध्ये वसाहतीची सनद रद्द झाली होती. राजाचा गव्हर्नर अँड्रॉस १६८६ च्या डिसेंबरमध्ये येऊन पोचणार होता, आणि गावकऱ्यांना आपल्या मालकीला आधार हवा होता. म्हणजे वसाहतकारांना स्वतःची जमीन टिकवण्यासाठी मूळ लोकांचे वारस शोधून त्यांच्या खुणा कागदावर घ्याव्या लागल्या. तुमच्या गावाचा असा दस्त असेल तर रजिस्ट्रीच्या जुन्या पुस्तकात किंवा गावाच्या छापील इतिहासात मिळेल. तो वाचा आणि वहीत एक नंबरला तो लावा.

९. सगळं एका कागदावर

शेवटी मी मोठ्या कागदावर फेरफाराच्या नमुन्यासारखे रकाने आखले: अनुक्रमांक, दस्ताची तारीख, नोंदणीची तारीख, देणार, घेणार, कशाने (खरेदी, बक्षीस, वारस, वाटप), क्षेत्र, चतुःसीमा, पुस्तक आणि पान. प्रत्येक पिढीसाठी क्षेत्राची बेरीज करायची. बापाकडे ११२ एकर होते आणि मुलांच्या हिश्श्यांची बेरीज ९४ भरली, तर १८ एकरांचा दस्त अजून सापडायचा आहे. ही बेरीज केल्याशिवाय काम झालं असं समजू नका. आमची तीन बक्षीसपत्रं अशा कमी पडलेल्या एकरांमुळेच हाती लागली.

एक खबरदारी. हा सगळा शोध घराण्याच्या इतिहासासाठी आहे. आजची मालकी, हद्दीचा वाद, जमिनीवर हक्क सांगणं असं काही असेल तर तिथल्या वकिलाकडे जा, हा कागद घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभे राहू नका.

जे सापडलं ते निळ्या पेनाने लिहा, आणि जे नुसतं अनुमान आहे ते लाल पेनाने. आमच्या कागदावर अजून चार ओळी लाल आहेत. त्यातली एक त्या बाईची आहे जी विधवेच्या हिश्श्यात गेली: विधवा १७६० च्या दशकात वारल्यावर तिचं पुढे काय झालं. या जूनमध्ये मी आणि मोठी नात मिळून गावाच्या चर्चची जुनी वही बघणार आहोत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत घरमालकाच्या नावापुढे अशी पहिली नावं लिहिलेली असतात. नातीला वाचायला येईल का याची मला काळजी होती, म्हणून हिवाळाभर तिला त्या पहिल्या ओळीवरून अक्षरं उतरवून दिली. आता ती लांब एस ओळखते.